न्हाणीचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो?



माझे भाईजान मस्कतहून दीड महिन्याच्या सुट्टीवर आले होते. तेवीस वर्षे ते तिकडे एका हॉटेलच्या देखभाल विभागात काम करतात. कमाईतला पैसा न् पैसा जोडून त्यांनी आमच्या कोकणातल्या गावी घर बांधायला घेतले आहे. जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, आणि या सुट्टीत न्हाणीघराचे काम काढले. भाईजानच्या मनात एक गोष्ट होती. अम्मीचे गुडघे धरलेले असतात, पावसाळ्यात तर फार. गरम वाफेत दहा मिनिटे बसले की अंग मोकळे वाटते, हे त्यांनी हॉटेलात रोज पाहिलेले. म्हणून न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात चार फूट बाय चार फुटांची वाफेची खोली करायची, असे त्यांनी ठरवले. दुकानात तिला ‘स्टीम शॉवर’ म्हणतात.

फरशी ठरली, आत बसायचा दगडी कट्टा ठरला, वाफेचे यंत्र ठरले. अडले ते दरवाजावर. भाच्याला सरकता दरवाजा हवा होता, कारण जागा कमी लागते. भाबीला अॅल्युमिनियमच्या चौकटीचा हवा होता, कारण तो स्वस्त. भाईजानना हॉटेलात असतो तसा बिनचौकटीचा, नुसत्या जाड काचेचा हवा होता. अम्मी मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “दरवाजा कसलाही लावा, पण आतून कडी पाहिजे. कडीशिवाय मी अंगावर पाणी घेणार नाही.”

मी शाळेतून घरी पोहोचले तेव्हा हा वाद रंगात आला होता. मला विचारले गेले. मी म्हटले, “भाईजान, काच कुठली ते नंतर बघू. आधी हे सांगा, दरवाजा उघडणार कुठल्या बाजूला?”

सगळे गप्प झाले. कारण आमच्या घरात या प्रश्नाला एक इतिहास आहे.

आमच्या खाला, अम्मींची थोरली बहीण, शहरात मुलाकडे राहत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लहानसे बाथरूम, आत उघडणारा दरवाजा आणि आतून पितळी कडी. एके दिवशी सकाळी गुस्ल करताना खाला घसरल्या आणि दरवाजाला पाठ लागून खाली बसल्या. मांडीच्या खुब्याचे हाड मोडले होते. उठता येईना, सरकता येईना. कडी वर, हात पोहोचेना. बाहेरून ढकलावे तर दरवाजा आत उघडणारा, म्हणजे खालांच्याच अंगावर. त्यांना आवाज ऐकू येत होते. मुलगा, शेजारचे दोघे आणि खालचा वॉचमन दार तोडायला जमले, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, “आधी वरून चादर टाका, मग दार तोडा.”

व्हेंटिलेटरच्या काचा काढून सुनेने चादर आत टाकली. वेदनेने तळमळणाऱ्या त्या बाईने ती कशीबशी अंगावर ओढली. मग करवतीने दाराची खालची फळी कापली. सगळे मिळून पाऊण तास गेला. अल्लाहच्या कृपेने खाला वाचल्या, पण पुढे वॉकरशिवाय चालल्या नाहीत. पायापेक्षा त्या पाऊण तासाचे दुःख त्यांना जास्त होते.

वाचकहो, मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. खालांनी कडी कशासाठी लावली होती? हया राखण्यासाठी, सतर राखण्यासाठी. आणि संकटाच्या वेळी त्याच कडीने काय केले? तीन परक्या पुरुषांना करवत घेऊन दाराशी आणले. दार बाहेर उघडणारे असते आणि बाहेरून सोडवता येणारी कडी असती, तर एकट्या सुनेने हळूच दार उघडले असते, अंगावर कपडा घातला असता, आणि मग बाकीच्यांना हाक मारली असती. न्हाणीच्या दरवाजाने माणसाला झाकावे, कोंडू नये. दरवाजा वाफेच्या खोलीचा असो की साध्या मोरीचा, निवडताना आधी हेच बघावे, असे माझे मत आहे.

आता वाफेच्या खोलीकडे वळू. आखातातून परतणारे आपले भाऊ-मुलगे अशी खोली बांधायला लागले आहेत, आणि दुकानदार सांगेल ते घेऊन मोकळे होतात. म्हणून भाईजानकडून आणि काच बसवणाऱ्या मिस्त्रीकडून मी जे शिकले ते क्रमाने सांगते.

वाफेचे स्नान आपल्याला नवे नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यातला शाही हमाम तीन दालनांचा आहे, आणि आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातही हमाम आहे. अशा हमामात माणूस एका दालनातून दुसऱ्यात जात जात उष्ण भागात पोहोचे, त्यामुळे ऊब आतल्या आत राही. आपल्या चार बाय चारच्या खोलीत तेवढी दालने कुठून आणायची? तिथे ते सगळे काम एका दरवाजाला करावे लागते. म्हणून त्याची निवड जपून करायची.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. ‘सौना’ वेगळा आणि ‘स्टीम’ वेगळे. सौनामध्ये कोरडी उष्णता असते, ८० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त, आणि खोली लाकडाची असते. स्टीममध्ये तापमान साधारण ४० ते ४५ अंशच, पण हवेत ओल शंभर टक्क्यांच्या जवळ असते. भिंती, छत, दरवाजा, सगळ्यांवरून पाणी ओघळते. सौनाचा लाकडी दरवाजा इथे लावला तर काय होईल, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. फणसाचा किंवा सागाचा दरवाजासुद्धा आषाढात फुगून चौकटीत अडकतो आणि खांदा लावून उघडावा लागतो. वाफेच्या खोलीत तर रोजच आषाढ. आत माणूस आणि दरवाजा अडकलेला, याहून वाईट काय? तेव्हा लाकूड नको, प्लायचा फ्लश दरवाजा नको. काच हवी.

काच कुठली? साधी काच मुळीच नको, कारण ती फुटली तर सुरीसारखे तुकडे होतात. ‘टफन’ केलेली काच घ्यावी. ती तापवून एकदम थंड केलेली असते, म्हणून साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, आणि फुटलीच तर बोथट बारीक दाणे होतात. जाडी ८ किंवा १० एमएम. काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो वाचावा. सुरक्षित काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आहे. शिक्का नसेल तर काच परत करावी, संकोच करू नये. बसवताना कडा आणि कोपरे सांभाळावेत. टफन काच मधोमध मार सोसते, पण कोपरा फरशीवर आपटला की पूर्ण काच एका क्षणात विखुरते.

इथे आमच्या घरी एक पेच आला. भाईजानची सुट्टी संपत आली होती, म्हणून फरशी लागायच्या आधीच कागदावरच्या मापाने काच मागवायची त्यांची घाई. मिस्त्री म्हणाला, “साहेब, टफन झालेल्या काचेला नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकले तर काच गेली.” गवंड्याने फरशी लावल्यावर माप घेतले तेव्हा वरची रुंदी आणि खालची रुंदी यांत बोटभर फरक निघाला. जांभ्याची भिंत, हाताचे काम, थोडे इकडे-तिकडे व्हायचेच. म्हणून आधी फरशी, मग वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापे, मग काचेची ऑर्डर. भाईजान काच न बघताच मस्कतला परतले. वाईट वाटले, पण पैसे वाचले.

उंची किती? साध्या शॉवरची काच छातीपर्यंत किंवा डोक्यापर्यंत असली तरी चालते, कारण फक्त शिंतोडे अडवायचे असतात. वाफ मात्र वर चढते. वर फट राहिली तर सगळी वाफ न्हाणीघरात पसरते, आत बसलेल्याला ऊब मिळत नाही आणि बाहेरचे पीओपीचे छत गळून पडते. म्हणून काच छतापर्यंत न्यावी. पण दरवाजा एवढा उंच करू नये, फार जड होतो. दरवाजा साधारण सात फूट, आणि त्याच्या वर छतापर्यंत काचेची पक्की पट्टी. त्या पट्टीतच एक लहान झडप ठेवली तर स्नान झाल्यावर ती उघडून वाफ बाहेर सोडता येते. आतले छतही फरशीचे आणि किंचित उताराचे हवे, नाहीतर गार थेंब टपटप डोक्यावर पडतात.

सरकता की बिजागरीचा? भाच्याचा मुद्दा खरा होता, सरकत्या दरवाजाला जागा कमी लागते. पण सरकण्यासाठी दोन काचांमध्ये फट ठेवावीच लागते, आणि वाफेला फट म्हणजे वाट. शिवाय चाके रुळावरून उतरली किंवा साबणाच्या थराने जाम झाली तर आतला माणूस काय करणार? वाफेच्या खोलीला बिजागरीचा, बाहेरच्या बाजूला उघडणारा दरवाजाच योग्य. गरगरून कोणी दरवाजावर झुकले तर तो बाहेर उघडेल. आत कोसळले तर बाहेरच्याला तो सहज ओढता येईल. खालांच्या वेळी झाले तसे होणार नाही. त्यासाठी बाहेर दोन-अडीच फूट जागा मोकळी ठेवावी. तिथे बादली, वॉशिंग मशीन, कपड्यांची टोपली येऊ देऊ नये.

आता बिजागरी. काच किती जड असते याचा हिशेब माझ्या सातवीच्या मुलांनाही जमेल. एक चौरस मीटर काचेचे वजन दर एमएम जाडीला अडीच किलो. १० एमएमची काच म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. दोन फूट रुंद, सात फूट उंच दरवाजा साधारण १.३ चौरस मीटर. म्हणजे ३२ किलोच्या वर. सहावी-सातवीतल्या मुलाच्या वजनाएवढा भार रोज भिंतीला लटकणार! आपला चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात स्क्रू धरत नाही. बिजागऱ्या येणार तिथे आधीच काँक्रीटची उभी पट्टी ओतून घ्यावी. फरशी लागल्यावर हे सुचून उपयोग नाही. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा भरीव पितळेच्या घ्याव्यात. समुद्राजवळच्या गावांत खारी हवा साधे स्टील खाते, तिथे ३१६ नंबरचे स्टील महाग असले तरी परवडते. मुलामा दिलेल्या हलक्या बिजागऱ्या नकोत.

भाबीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीबद्दलही सांगते. ती वाईट नाही. चौकटीमुळे फटी चांगल्या बंद होतात आणि काच थोडी पातळ चालते. फक्त चौकटीच्या खाचेत पाणी आणि साबण साचून काळा थर धरतो, तो दर आठवड्याला घासावा लागतो. ज्या घरात हे काम एकाच बाईच्या डोक्यावर येते तिथे आधी तिलाच विचारावे.

फटींसाठी पारदर्शक रबरी पट्ट्या मिळतात. दरवाजाच्या बाजूला लोहचुंबकाची पट्टी बसवली की दरवाजा आपोआप चिकटून बंद राहतो आणि हाताने ढकलला की सुटतो. वेगळी खिटी लागत नाही. खालच्या पट्टीला आतल्या बाजूला एक ओठ असतो, त्यावरून पाणी आतच गळते. या पट्ट्या काही वर्षांनी कडक होऊन पिवळ्या पडतात. बदलून मिळतील का, हे घेतानाच विचारावे.

उंबरा करू नये. गवंड्याने सवयीने चार इंचांचा उंबरा धरला होता. मी सांगितले, अम्मींचा पाय तेवढा उचलत नाही. आतल्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे नीट उतार दिला आणि दारात अर्ध्या इंचाची गोलसर दगडी पट्टी ठेवली, तेवढ्याने पाणी अडते. वाफ बाहेर पडते ते तोंड जमिनीपासून हातभर उंचीवर असते आणि तिथे भाजते. ते दरवाजाच्या वाटेत नको आणि कट्ट्यावर बसणाऱ्याच्या पायाशीही नको. दरवाजाच्या आतल्या बाजूला धरायला मजबूत दांडा हवा, पण काचेवर नाही, भिंतीवर. काचेच्या हँडलला लटकून कोणी उठू नये.

विजेचे दोन शब्द. एवढ्या लहान खोलीला साधारण ४ ते ६ किलोवॅटचे यंत्र लागते. ते घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर चालवायचे नाही. वायरमनकडून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी बसवून घ्यावा. वीस मिनिटे वाफ केली तर पाणी दोन-तीन लिटरच लागते. वीज मात्र सहा किलोवॅटच्या यंत्राला त्याच वेळात दोन युनिट लागते. वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. वीज जपून वापरण्याला तीच शिकवण लागू पडते. आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. वाफेने भरलेल्या खोलीत एकदम अंधार झाला तर म्हातारे माणूस घाबरते. म्हणून बॅटरीवर चालणारा दिवा काचेच्या बाहेर लावावा, आणि दरवाजा असा असावा की डोळे मिटूनही ढकलला की उघडेल.

आता एक इशारा, आणि तो वाफेची खोली नसलेल्या घरांसाठी आहे. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठी. वाफेच्या खोलीचा दरवाजा हवाबंद करायचा असतो, हे वाचून आपल्या साध्या बाथरूमच्या फटी बुजवायला जाऊ नका. ज्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे, तिथे फट बुजवणे म्हणजे मरणाला बोलावणे. गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन संपवतो, आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मग पायांतले बळ जाते. धोका कळतो तोवर कडीपर्यंत हात जात नाही. थंडीत आपण खिडकी लावून घेतो, दाराखाली टॉवेल सारतो, तेव्हा हे घडते. गॅस गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत असेल तर खिडकीच्या जाळ्या उघड्याच ठेवाव्यात, दाराखाली बोटभर फट ठेवावी, बादली भरली की गीझर बंद करून मग अंघोळीला बसावे. वाफेच्या खोलीशेजारी तर गॅस गीझर नकोच.

प्रश्न राहिला अम्मींच्या कडीचा.

वाफेच्या खोलीला कडी कधीच लावायची नाही, हे भाईजाननी ठाम सांगितले. अम्मीही तितक्याच ठाम. त्या म्हणाल्या, “तुम्हाला काय, तुम्ही मुलं. काचेच्या दारात मी कशी बसू?” मला वाटते त्यांचे चुकत नव्हते. सत्तरीच्या बाईला आपल्याच घरात उघडे वाटत असेल, तर ती सोय काय कामाची? सुरक्षिततेच्या नावाखाली आपण म्हाताऱ्या माणसांची लाज मोडीत काढतो, हेही बरोबर नाही.

आम्ही तीन गोष्टी केल्या. काच खालपासून साडेपाच फुटांपर्यंत धुरकट करून घेतली. आत माणूस आहे एवढी सावली बाहेरून कळते, बाकी काही दिसत नाही. मग न्हाणीघराच्या बाहेरच्या, मुख्य दरवाजाला कडी लावली, पण जुनी पितळी नाही. आतून फिरवून बंद होते आणि बाहेरून खाचेत नाणे घालून फिरवले की उघडते, अशी. हार्डवेअरच्या दुकानात ती सहज मिळते. न्हाणीघराचा तो दरवाजाही आम्ही बाहेर उघडणारा करून घेतला. सुताराने बिजागऱ्या बदलल्या, अर्ध्या दिवसाचे काम.

तिसरी गोष्ट विकत मिळत नाही. भाच्याला आणि त्याच्या दोन्ही बहिणींना मी समोर बसवले. आपल्या दीनने घरातल्या मुलांनासुद्धा ठरावीक वेळी मोठ्यांच्या खोलीत इजाजत घेतल्याशिवाय जाऊ नये असे शिकवले आहे. मी म्हटले, “दादीजानना कडी का हवी वाटते? कारण तुम्ही धाडकन दार उघडता म्हणून. घरात दस्तक द्यायची सवय असती तर कडीची एवढी गरज वाटली नसती.” ठरले असे की अम्मी आत गेल्या की दाराच्या मुठीला त्यांची हिरवी ओढणी बांधायची. ओढणी दिसली की कोणी हात लावायचा नाही. बाहेरून तीनदा दस्तक द्यायची, आवाज द्यायचा, आणि तरी उत्तर आले नाही तरच नाणे. तेही घरातल्या बाईने, हातात चादर घेऊन.

चादर म्हटल्यावर अम्मी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आपाच्या वेळी हे कोणाला सुचलं नाही.”

काच आली, बसली. रक्तदाब जास्त असलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफ घेऊ नये, म्हणून आधी अम्मींना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दहा मिनिटांची परवानगी दिली, आधी आणि नंतर पाणी प्यायला सांगितले. अंगातले पाणी घामावाटे जाते, त्यामुळे रोजे असताना हा प्रकार टाळलेलाच बरा.

पहिल्या दिवशी अम्मी आत गेल्या तेव्हा मी बाहेर स्टूल टाकून सहामाहीचे पेपर तपासत बसले. दोन मिनिटे झाली. आतून आवाज आला, “आहेस का?” मी म्हटले, “आहे, अम्मी.” परत थोड्या वेळाने, “आहेस का?” दहा मिनिटांत चार वेळा. मस्कतहून भाईजानचा फोन आला, “कसा आहे दरवाजा?” मी म्हटले, “छान आहे. पण अम्मींना दरवाजापेक्षा बाहेर कोणीतरी बसलेलं हवं आहे.”

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, वाफेची खोली सगळ्यांना परवडणारी नाही, आणि ती नसली म्हणून काही अडत नाही. पण न्हाणी प्रत्येक घरात आहे, आणि बहुतेक घरांत एक म्हातारे माणूस आहे. हा अंक खाली ठेवाल तेव्हा उठून एवढे बघा. तुमच्या न्हाणीचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो? कडी बाहेरून सोडवता येते का? गॅस गीझर असेल तर हवा यायला जागा आहे का? कडी म्हाताऱ्या माणसाच्या हाताला बसूनही पोहोचेल अशी आहे का? यातले जे काही चुकीचे निघेल ते या महिन्यातच सुताराला बोलावून दुरुस्त करून घ्या. दस्तक देण्याची सवय तर आजपासूनच लावता येईल.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांतील वडीलधाऱ्यांना सलामत ठेवो. आमीन.

खुदा हाफिज.